घर हयातभर मायचं

बस वं सोमारे. धुरपते, तूबी बस, कपडे कुठी पळून नाई जात. मी आताच एसटीतून उतरली, अजून पाय धुतले नाई, पण हे सांगतल्याबिगर मले पाणीबी गोड नाई लागणार. तुमाले वाटलं ना, मले पाहाले पोरगा आला म्हून मी घरी गेली? वार्डनबाईलेबी तसंच वाटलं, पेढे मांगत होती. अवं, पोरगा नाई न काई नाई. आमच्या बाबाचं मृत्युपत्र कराचं होतं. डोळे नोका फाडू अशा, बाबा ठणठणीत हाय. परवा चंद्रपुरात असा तुरुतुरु चालत होता का मलेच दम लागला.

पयले तुमाले घरचं सांगाच लागन. मी आमच्या बाबाची पोटची पोरगी नाई. हो, खरंच सांगते. दोन सालापासून आपण एका खोलीत राह्यतो अन मी सांगतलं नाई, कारण मलेच ते ध्यानात नाई राह्यत. माया जन्माचा बाप लटारू. मी तीन सालाची असताना तो हिवतापानं गेला. मंग दोन सालानं मायनं बाबासंग लग्न केलं, विहारात, पंधरा-वीस माणसात. बाबाची पयली बायको भागीरथाबाई वारली होती, अन तिचा पोरगा हरिदास, म्हणजे माया दादा, तवा चौदा वर्षाचा होता. आता तो माजरीले कोळशाच्या खाणीत हाय. क्वार्टर हाय, बायको हाय, एक लेकरू हाय. मायले तो मावशी म्हणते. पयल्या दिवशी मावशी, आजबी मावशी.

अन बाबा आमचा, चामोर्शीजवळच्या आमच्या गावच्या शाळेत चपराशी होता. मागच्या साली रिटायर झाला. शाळेत एक दाखल-खारीजाचं रजिस्टर असते ना, पोराचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख? ते कपाटातून काढून हेडमास्तरासमोर ठेवाचं काम बाबाचं. त्या रजिस्टरावर बाबाचा असा विश्वास का काई इचारू नोको. कोणाले नोकरी लागली, तारीख त्यातून निंघाली. कोणाले जातीचा दाखला लागला, तोबी त्यातून. बाबाले वाटे, जगातला सगळ्यात मोठा कागद हाच. तं मी पाच सालाची झाली तवा बाबानं मले हाताले धरून शाळेत नेलं अन हेडमास्तराले म्हणे, “लिवा, चंदा गुणवंतराव दुर्गे.” झालं. त्या दिवशी बाबाच्या हिशोबानं मी त्याची पोरगी पक्की झाली, सरकारातबी, कायद्यातबी. तेरा-चौदा साल बाबा याच भरोशावर निवांत होता.

आता झालं काय, का आमच्या मोहल्ल्यातल्या ठमाबाईचा नवरा गेला. तिचंबी मायसारखंच, दुसरेपणाचं लग्न. पंधरा दिवस झाले नाई तं नवऱ्याच्या पयल्या घरच्या पोरायनं तिले अन तिच्या पोरीले तिच्या भावाच्या गावी पोचवून देलं. मारलं नाई, शिवी देली नाई. बैलबंडीत बसवलं, वरतून एक तांदळाचं पोतं टाकलं, अन पोचवून देलं. जाताना ठमाबाई मायच्या गळ्यात पडली, अन तवापासून मायचं चित्त ठिकाणावर नाई.

तिनं काय केलं सांगू? चामोर्शीच्या बाजारात तो भांड्यावर नावं कोरणारा बसते ना, हातोडीनं टिकटिक टिकटिक? त्याच्याकडे एका बोऱ्यात भांडी घेऊन गेली. परात, दोन गंज, एक गुंडी. अन सगळ्यायवर नाव कोरून आणलं, ‘मनकर्णा’. निरं मनकर्णा. ना दुर्गे, ना गुणवंतराव.

बाबा गुंडीतून पाणी घ्याले गेला अन तिथीच उभा राह्यला.

“हे काय वं? निरी मनकर्णा? मायं नाव कुठी गेलं?”

“तुमचं नाव तुमच्या भांड्यावर हाय. हे माया मायच्या घरचं हाय.”

“पण आताच काऊन कोरलं?”

माय चुलीत फुकत राह्यली. मंग म्हणे, “उद्या मले कोणी बंडीत बसवलं, तं कोणतं भांडं कोणाचं यावरून तंटा नोको.”

दोन दिवस बाबानं त्या गुंडीले हात लावला नाई.  तिसऱ्या दिवशी सकाळीच म्हणे, “घर तुया नावानं करून देतो. पुरं घर. मंग पायतो कोण बंडी जुपते.”

अन ही गोष्ट गावातून माजरीले कशी पोचली कोण जाणे, आठ दिवसात दादाचं पोस्टकार्ड. एकच ओळ. ‘मी आल्याबिगर कोणताबी कागद करू नका.’ खाली सही, हरिदास. ना जयभीम, ना सगळे कसे हाय, ना काई.

मी घरी गेली तवा मायनं ते कार्ड माया हातात देलं. मले बोलावून घेतलं ते याच्यासाठी. म्हणे, “चंदे, तो येऊन भांडीन. तू बाबासंग चंद्रपूरले वकीलबाईकडे जाय. मी नाई येत. मी गेली तं लोक म्हणतीन, मनकर्णानं उरावर बसून लिवून घेतलं.”

तं आमी चंद्रपूरले गेलो. मी, बाबा, अन साक्षीदार म्हून बाबाचे ते जुने हेडमास्तर, ज्यायनं मायं नाव लिवलं होतं. गडचिरोलीवरून मूल, मूलवरून चंद्रपूर, पुऱ्या एसटीत बाबा पिशवी छातीशी धरून बसला. मी म्हटलं, काय हाय यात? तं म्हणे, “पुरावा.” बाबानं कळवलं होतं, तसा स्टँडवर दादा उभा होता. नवा शर्ट, केस चापून बसवलेले. मले वाटलं आता बोलन, मंग बोलन. निरं बाबाच्या पाया पडला अन म्हणे, “चला.” अन मले म्हणे, “चंदे, वाळली तू. होस्टेलात जेवाले देत नाई का?” आता याले भांडाले आलेला माणूस म्हणाचं का काय म्हणाचं, मले समजेचना.

जटपुरा गेटाच्या आत इंदुताई वकीलबाईचं ऑफिस हाय. लहानशी खोली, एक पंखा, तोबी बाबाकडेच फिरते. ताईनं सगळ्यायले पाणी देलं अन पयलाच प्रश्न इचारला, “गुणवंतभाऊ, तुमी काईच लिवलं नाई तं तुमच्यामागं काय होईन, माहीत हाय?”

बाबा म्हणे, “होईन काय? बायको, पोरगा, पोरगी. तिघायचं.”

“नाई. बायकोचं अन पोराचं, सारखं सारखं. चंदाले काई नाई.”

बाबा हासला ना! असा, जसं ताईले काई समजतच नाई. पिशवीत हात घातला अन प्लास्टिकच्या थैलीतून माया शाळेचा दाखला काढला. “हे वाचा. चंदा गुणवंतराव. दाखल-खारीजाच्या रजिस्टरातून निंघालेलं हाय.” हेडमास्तर खाली फरशीकडे पाहाले लागले.

ताईनं दाखला पुरा वाचला. घडी केली, अन दोन्ही हातानं बाबाले वापस देला. म्हणे, “भाऊ, याच्यानं शाळेत नाव लागते. वारसात नाई लागत. दत्तकपत्र केलं होतं का?”

“आपल्याच पोरीले कोणी दत्तक घेते का?”

सोमारे, तुले सांगते, तवा मले रडू आलं नाई, पण नाकात काईतरी झालं.

 आता दादा खुर्चीवर पुढं सरकला. “ताई, अन पुरं घर मावशीच्या नावानं केलं तं?”

“तं तिच्यामागं ते चंदाचं. तुले काई नाई भेटणार. कायद्यात तू मनकर्णाबाईचा पोरगा नाई.”

हेच तं आयकाले आला होता तो! मले वाटलं आता टेबलावर हात आपटन. पण त्याचं तोंड असं झालं जसं कोणी ध्यानीमनी नसताना थापड मारली. म्हणे, “म्हणजे मी तिचा कोणीच नाई?”

“कायद्यानं, कोणीच नाई.”

“मी दहावीत टायफाईडनं पडलो होतो, तवा एकवीस दिवस ती माया उशाशी...” अन तिथीच थांबला. पंख्याकडे पाहाले लागला.

इंदुताईनं कागद बाजूले सारला. म्हणे, “अरे, म्हून तं लिवाचं. रक्ताचं असन तं कायदा आपोआप पाह्यते. तुमच्यासारख्या घरात कोण कोणाचं, हे तुमालेच सांगा लागते. तुमी सांगतलं नाई तं कायदा समजते, कोणी कोणाचं नाई.” मंग दादाले म्हणे, “आता खरं बोल, तुले काय पाह्यजे? जमीन?”

“जमिनीचं मले काई नाई. चंदीले अर्धी द्या, पुरी द्या. पण ते घर... त्याच्या भिती माया मायनं उचलल्या. माती तुडवाले मी होतो, सहा सालाचा. ते घर मावशीचं झालं, मंग चंदीचं झालं, मंग तिच्या सासऱ्यानं इकलं तं?”

“माया सासरा कुठून आला?” मी म्हटलं. “अजून नवऱ्याचा पत्ता नाई!”

हेडमास्तर हासले, ताई हासली. दादाबी हासला, पण डोळे पुसत.

“अन मावशीले तू काढशीन घरातून?” ताईनं सरळच इचारलं.

“मी? मावशीले?” दादा असा भडकला का उभाच झाला. “कोण म्हणते? मायनं म्हटलं असं?” ध्यान दे धुरपते, मायनं म्हणे! त्यालेबी समजलं नाई तो काय बोलला, अन कोणी त्याले सांगतलंबी नाई.

मंग मी ठमाबाईची गोष्ट सांगतली. भांड्यायचीबी सांगतली. दादा खालीच बसला. ताई म्हणे, “त्या ठमाबाईचाबी हिस्सा हाय, पोरायइतकाच. माया पत्ता दे तिले.” अन लगेच आमच्या घराचं असं सोडवलं का मले वाटलं, हे आधी काऊन नाई सुचलं कोणाले. घर मनकर्णाबाईचं, ती जित्ती हाय तोवर. राहाचं, वापराचं, कोणी उठवू नाई शकत. पण तिले ते इकता येत नाई, कोणाले देता येत नाई. तिच्यामागं घर हरिदासचं. अन शेतीच्या चार बांध्या, सगळ्या बाबानं पगारातून घेतलेल्या, त्यातल्या दोन मले, दोन दादाले.

“चालन?” ताईनं इचारलं.

“चालन काय, पळन,” दादा म्हणे. “अन साक्षीदार म्हून मी सही करतो.”

“तू नाई. ज्याले भेटते त्यानं साक्षीदार होऊ नये. उद्या शंका येते.”

“मंग मी काय करू?”

“तू चूप बस.”

आता वाटलं झालं. ताई लिवाले लागली, अन मोठ्यानं वाचत लिवत होती. ‘माझी पत्नी मनकर्णा’ झालं, ‘माझा मुलगा हरिदास’ झालं. मंग म्हणे, “अन ‘माझी सावत्र मुलगी चंदा’...”

“काय म्हटलं?” बाबा.

“सावत्र मुलगी, भाऊ. तसं लिवा लागते.”

“खोडा ते.”

“भाऊ, निरं मुलगी लिवलं तं फट राह्यते. उद्या तुमचा कोणी भाऊबंद कोर्टात म्हणन, गुणवंतरावले पोरगीच नोती, ज्यानं असं लिवलं त्याचं डोकं ठिकाणावर नोतं. एक शब्द खोटा निंघाला तं पुरा कागद लटकते. घराचंबी, बाईचंबी.”

“चौदा साल माया घरात तो शब्द कोणी काढला नाई. हरिदासनंबी नाई. अन आता मी माया हातानं सही करून देऊ?” बाबानं पिशवी उचलली, चप्पल घातली, अन गेला ना बाहीर! सगळे पाहातच राह्यले. दादा उठला तं मी म्हटलं, “तू बस. मी जातो.” हो वं, गडबडीत मी ‘जातो’ म्हटलं, हास नोको.

गेटाजवळ चहाची टपरी हाय, तिथी बाकड्यावर बाबा बसला होता. चहा घेतला नोता, निराच बसला होता. अन माया डोक्यात निरी माय. का ह्या एका शब्दापायी कागद राह्यला, तं उद्या भाऊबंदायतला कोणी बंडी जुपन. मी बाजूले बसली. काय बोलाचं ठरवलं नोतं, पण तोंडातून निंघालं, “बाबा, एक सांगू? राग नोका करू. माया जन्माच्या बापाचं नाव जगात कुठीच लिवलेलं नाई.”

बाबानं माया तोंडाकडे पायलं.

“त्याच्या नावानं जमीन नोती, घर नोतं. माया दाखल्यावर तुमचं नाव. माय कवा बोलत नाई, तुमाले वाईट वाटन म्हून. मीबी नाई इचारत, तुमाले वाईट वाटन म्हून. मले त्याचं तोंडबी आठवत नाई बाबा. तुमी लिवलं तं एका तरी कागदात तो राह्यन. अन मी तुमची कोण, ते कागदानं कायले ठरते? ते तुमी मले शाळेत नेलं तवाच ठरलं ना.”

बोलली तं खरी. म्हटलं, झालं, तोडलं आपण बाबाचं मन. बाबानं तोंड रस्त्यावरच्या रिक्षाकडे केलं. मंग म्हणे, “लटारूले मी वळखत होतो.”

“काय?”

“आमच्या शाळेच्या छपरावरचे कवेलू तोच फेराले ये. पावसाळ्याच्या अगुदर, दरसाल. वरतून पोरायले नकला करून दाखवे. हेडमास्तराची चाल, मायी घंटा वाजवाची तऱ्हा. सगळी शाळा बाहीर येऊन हासे.” बाबा हासला. “मले राग ये तवा. तू हासली का तुया गालाले एक खड्डा पडते, एकाच बाजूले. तो त्याचा हाय.”

धुरपते, एकोणीस वर्षाची झाली मी, अन मले आता समजलं हा खड्डा कोणाचा. दोन सालापासून तुमी याच्यावरून मले चिडवता!

मंग आमी दोघायनं चहा घेतला. बाबानं मले बिस्कीट घेऊन देलं, जसं मी पाचच सालाची हाय. वापस गेलो तं बाबा उभ्याउभ्याच म्हणे, “लिवा ताई. पण मी सांगतो तसं. ‘माझी पत्नी मनकर्णा हिला तिचे पहिले पती कालकथित लटारू निमगडे यांच्यापासून झालेली, आणि पाच वर्षांची असल्यापासून मी माझी म्हणून वाढवलेली मुलगी, चंदा.’ हे खरं हाय का खोटं?”

ताईनं पेन थांबवलं. “भाऊ, हे तं माया शब्दाहून पक्कं झालं. यात बोट घालाले जागाच नाई.” हेडमास्तर मधीच म्हणे, “शाळेत मलेबी असंच सांगाचं ना गुणवंता, मी तसंच लिवलं असतं!” तं बाबा म्हणे, “तवा तुमच्या रकान्यात एवढी जागा कुठी होती, सर.”

त्या दिवशी टाईप झालं. राहाले दादाच्या क्वार्टरवर माजरीले गेलो, वहिनीनं बोंबील केले होते, मी तं तीन भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री. साक्षीदार हेडमास्तर अन ताईच्या वळखीचा एक डॉक्टर, बाबा शुद्धीवर हाय म्हून त्यानं लिवूनबी देलं. बाबाले ते लय आवडलं, सगळ्यायले दाखवत होता, “शुद्धीवर हाय मी, सही-शिक्क्यासंग.”

अन दादा म्हणे, मीबी येतो घरी. सुट्टी काढली त्यानं.

आमी काल दुपारी पोचलो. माय अंगणात धान वाळवत होती. दादाले पायलं अन हातातलं फावडं तसंच धरून उभी राह्यली. बाबानं हातपाय धुतले, खाटेवर बसला, चष्मा लावला अन पुरा कागद वाचला. माय भितीले टेकून आयकत होती. ‘हयातभर’ आलं तवा तिनं दादाकडे पायलं. मंग मायी ओळ आली. लटारूचं नाव आलं, बाबाच्या तोंडून, मोठ्यानं, भर अंगणात. मायनं पदर तोंडावर घेतला. बाबा थांबला. तं माय पदराआडूनच म्हणे, “वाचा ना. थांबले काऊन?”

वाचून झालं. चिमण्या धान खाऊन राह्यल्या होत्या अन हाकलाचं कोणाले सुचेना.

मंग मायनं नाक पुसलं अन इचारलं, “अन मीच अगुदर मेली तं?”

दादा म्हणे, “तसं नाई चालत मावशी. कागदात तुले हयातभर राहाले लिवलं, रजिस्ट्री झाली. आता राहाच लागते.”

“अस्सं? अन मंग घर तुयं?”

“मंग मायं.”

“मंग मागची भीत पाय जाऊन. दोन सालापासून फुगली हाय, हा ‘करतो, करतो’ म्हणते,” बाबाकडे बोट. “घर तुयं होणार हाय तं भीतबी तूच बांध. मले का पडक्या घरात हयात काढाले लावता?”

अन आमचा दादा, खाणीतला, नव्या शर्टातला, त्यानं शर्ट काढून खुंटीले टांगला अन गेला मागं. मी आज सकाळी निंघाली तवा तो घुटण्यापर्यंत मातीत उभा होता, तुडवत होता, अन माय वरतून पाणी ओतत होती अन ओरडत होती, “अरे, धानाचं तणस टाक ना अजून, तुया मायनं अशीच पातळ माती लावली होती का?”